बारदान्यावरची किकफ्लिप

खोटं बोलताना माझा आवाज बदलत नाही, नजर खाली जात नाही आणि हात कुठं ठेवावेत असा प्रश्न पडत नाही. पोलिसात हा गुण फार कामाला येतो, पण मी तो पोलिसात शिकले नाही. सेलूच्या एका बंद कापूस जिनिंगच्या अंगणात, स्केटबोर्ड शिकता शिकता शिकले. ज्या शब्दावर शिकले तो शब्द म्हणजे ‘बसली’. एवढाच.

आम्ही दोघी होतो. ती माझी मैत्रीण आणि शेजारीण. आमच्या घरांमध्ये एकच भिंत होती. तिच्याकडे मिरचीची फोडणी पडली की शिंका मला यायच्या. दोघी एकाच वर्षी बी.ए. झालो आणि एकाच वर्षी पोलीस भरतीचा फॉर्म भरला, त्याच जिल्ह्यातून, त्याच प्रवर्गात. म्हणजे तिचा एक गुण वाढला की मी एक पायरी खाली. पहाटे पाचला हिंगणी रस्त्यावर पळायचो. भरतीत मुलींना आठशे मीटर पळावं लागतं, शंभर मीटर पळावं लागतं आणि गोळा फेकावा लागतो; या तिन्हीला मिळून सगळे ‘ग्राउंड’ म्हणतात. आठशेत ती रोज माझ्यापुढं असायची, तीही थोडीथोडकी नाही, चांगले दोन विजेचे खांब. मी गुडघ्यावर हात ठेवून धापा टाकत असायचे आणि ही बाई वेणी सोडून परत घालत उभी असायची.

तिच्या घरचा हिशोब सरळ होता. या ग्राउंडला निघाली तर नोकरी, नाही निघाली तर लग्न, असं तिच्या आईनं सांगून ठेवलं होतं. मुलगाही बघून ठेवला होता, गिरडचा, किराणा दुकानवाला, स्वभावानं गरीब. तो मुलगा वाईट होता अशातला भाग नाही. तिला कोणीच नको होता, तिला खाकी हवी होती. ती म्हणायची, ‘मले कोनाच्या घरी पाह्यटे उठून चहा नाई मांडायचा. मी ड्यूटीवर जाईन, चहा घरचे मांडतीन.’

माझ्या घरी अशी काही टांगती तलवार नव्हती. माझे बाबा गवंडी. यंदा नाही जमलं तर पुढच्या भरतीत बघू, असं ते म्हणायचे, आणि तसंच त्यांच्या मनातही असायचं. हे मी मुद्दाम सांगून ठेवते. मी जे केलं ते पोटासाठी केलं, असं उद्या कोणी माझ्या बाजूनं बोलायला नको.

जिनिंगमध्ये आम्ही गेलो ते गोळा फेकायला. गावाबाहेरची ती जिनिंग दोन भागीदारांच्या भांडणात बंद पडली होती. मशीन गंजत होत्या, गोदामात जुन्या बारदान्याचे, म्हणजे तागाच्या पोत्यांचे, ढीग उंदरांनी पोखरले होते, पण समोरचं सिमेंटचं अंगण मात्र शाबूत होतं. ते बाबांनीच कधीकाळी घोटलं होतं आणि ते अजून तडकलं नाही हे ते कोणालाही न विचारता सांगायचे. अंगणाच्या टोकाला गाड्या वर चढवायचा एक सिमेंटचा उतार होता. चौकीदार ओळखीचा, आम्हाला आत सोडायचा. तिथं आम्हाला ताई भेटली.

ताई म्हणजे चौकीदाराची मुलगी. पुण्यात खेळाच्या सामानाच्या दुकानात कामाला होती, लॉकडाऊनमध्ये दुकान बंद पडलं म्हणून परत आली. येताना एक बॅग आणि एक स्केटबोर्ड घेऊन आली. बत्तीस वर्षांची, लग्न न केलेली, हाडकुळी, आणि जिभेला हाड नावाला नाही. आमचा गोळा पडलेला बघून तिचं पहिलं वाक्य होतं, ‘गोळा फेकून राह्यल्या का कोंबड्याईले दाणे टाकून राह्यल्या?’ मग तिनं पायात फळी घेतली, दोन ढकल्या मारल्या, आणि ती फळी हात न लावता तिच्या पायांसोबत हवेत उडाली, पोटाखाली गोल फिरली आणि परत तिच्या पायाखाली आली. ताई तशीच पुढं निघून गेली, जसं काही झालंच नाही. माझी मैत्रीण गोळा हातात धरून उभीच राहिली. त्या दिवशी तो गोळा काही फेकला गेला नाही.

ताई शिकवायची, पण शिकवताना सोलायची. तिचं एक पालुपद होतं, ‘पी हळद अन् हो गोरी, असं अठी चालत नाई.’ फळीच्या मागच्या टोकाला शेपूट म्हणतात. मागच्या पायानं शेपूट जमिनीवर आपटायचं, त्याच क्षणी उडी घ्यायची आणि पुढचा पाय फळीवर घासत वर न्यायचा, म्हणजे फळी आपल्यासोबत उडते. ही ऑली. बाकीचं सगळं हिच्या पोटातून निघतं. दोन महिने ताईनं आम्हाला ऑलीशिवाय दुसरं काही करू दिलं नाही. मग शव-इट आली, म्हणजे फळीनं हवेत आडवी अर्धी गिरकी घ्यायची आणि आपण सरळ राहायचं. मग किकफ्लिप. ऑली घेता घेता पुढच्या पायाच्या करंगळीच्या बाजूनं फळीच्या कडेला झटका द्यायचा, म्हणजे झोपेत कूस बदलावी तशी ती पूर्ण गोल वळते. ती वळून होईपर्यंत आपण गुडघे पोटाशी घेऊन वर थांबायचं आणि मग दोन्ही पाय एकदम तिच्यावर ठेवायचे. किकफ्लिप आणि शव-इट एकत्र केल्या की व्हेरियल होते. त्यातली आडवी गिरकी अर्धीऐवजी पूर्ण दिली की ट्रे-फ्लिप, जी ताईलाही दहातून चारदा यायची.

एकातून एक असं ते निघत जातं, आणि एकातली चूकही दुसरीत शिरत जाते. ऑलीत जो पाय आळस करतो तो किकफ्लिपमध्येही करतो, फक्त तिथं त्याचं फळ भोगावं लागतं. बाबा भिंतीबद्दल म्हणतात, जोत्यात बोटभर वाकडं असलं की स्लॅबपर्यंत हातभर होतं. बाबांना मी फळीबद्दल कधी सांगितलं नाही, पण ताईचं ऐकताना मला दरवेळी त्यांचा ओळंबा आठवायचा.

ताईचे नियम दोन. पहिला, बघणारीचा शब्द शेवटचा. फळी फिरत असताना करणारीचं लक्ष पुढच्या पायावर असतं, मागच्या पायाचं काय झालं ते तिला कळत नाही. म्हणून दुसरीनं समोर उकिडवं बसून दोन्ही पाय फळीवर आले का ते बघायचं आणि ‘बसली’ किंवा ‘नाई’ एवढंच म्हणायचं. वाद घालायचा नाही. चालत्या फळीवर सलग दहा बसल्या की पुढची पायरी. आज कोणी म्हणेल, मोबाईलवर व्हिडिओ काढायचा की. पण मोबाईल आम्ही गेटवर चौकीदाराच्या टेबलावर ठेवायचो. सेलूत एक व्हिडिओ एका ग्रुपवर गेला की संध्याकाळपर्यंत तो पोरीच्या आईच्या हातात असतो, आणि पोरगी गोळा सोडून फळीवर नाचते हे कळलं असतं तर आमचं पळणंही बंद झालं असतं. त्यामुळे डोळे हाच आमचा व्हिडिओ होता.

दुसरा नियम बारदान्याचा. किकफ्लिपची भीती जात नव्हती म्हणून ताईनं गोदामातलं बारदान ओढून आणलं आणि चार पदरी अंथरून त्यावर फळी ठेवली. त्यावर चाक फिरत नाही, फळी सटकत नाही, पडलं तरी लागत नाही. भीती मोडायला ते बरं. पण ताई बजावायची, ‘बारदान्यावरची गिनती नाई. तठी पाय खाली पडला तरी मालूम नाई पडत.’

आणि खेळ होता ‘गाढव’. एकीनं एक ट्रिक करून दाखवायची, दुसरीनं तीच करायची. चुकली की ‘गा’. परत चुकली की ‘ढ’. तिसऱ्यांदा ‘व’, की झाली गाढव. गाढवानं जिंकणारीला पाठीवर घेऊन उतारापासून गेटपर्यंत जायचं, आणि जिंकणारी वरून टाचा मारणार. ताई माझ्याशी जिंकली की वरून म्हणायची, ‘सरकारी गाढव होनार म्हन्ते अन् खाजगी ओझं नाई उचलत.’ मला तिचा राग यायचा आणि दुसऱ्या दिवशी मी पुन्हा जायची.

या सगळ्यात एक गोष्ट अशी झाली की मी तिच्यापुढं गेले. फळीवर. मला किकफ्लिप तीन महिन्यांत चालत्या फळीवर बसली. माझ्या मैत्रिणीला नाही. पळताना वाऱ्यासारखी जाणारी ही मुलगी, दोन्ही पाय एकदम जमीन सोडायचे म्हटलं की मागचा पाय खालीच ठेवायची. फळी छान फिरायची, पुढचा पाय तिच्यावर पडायचा, आणि मागचा पाय जमिनीवर टेकलेला असायचा. ताई बसून म्हणायची, ‘नाई. नाई. नाई बाई, नाई.’ महिनाभर. तिचा चेहरा उतरायचा आणि मला आतून गोड वाटायचं. आयुष्यात ही एकच गोष्ट होती जिथं ती माझ्या मागं होती.

मग पुण्याचं दुकान उघडलं आणि ताई गेली. फळी आम्हाला ठेवून गेली. जाण्याआधी तिनं मला एकटीला बाजूला घेतलं. तेव्हा पहिल्यांदा ती टोमणा न मारता बोलली. म्हणाली, ‘तू तिच्या मांगच्या पायाकडे पाह्यजो. चालत्या फळीवर एक पाय वर अन् एक खाली राह्यला तर पोट्टी चिरन मधातून. घोटा जाईन. तिले सांगजो, पाय उचलल्याबिगर बारदान सोडायचं नाई.’ मी हो म्हणाले. तिनं दोनदा विचारलं आणि मी दोनदा हो म्हणाले.

त्यानंतर आठवड्याभरातली गोष्ट. भरतीच्या अकॅडमीतला एक सर वेळ लावायला हिंगणी रस्त्यावर आला होता. आम्ही आठशे पळून आलो. त्यानं स्टॉपवॉच बघितलं, तिच्याकडे बोट दाखवून म्हणाला, ‘हे निघते.’ मग माझ्याकडे बघितलं, घड्याळाकडे परत बघितलंही नाही, आणि म्हणाला, ‘तू पाह्य बा तुह्यं.’ ती लगेच म्हणाली, ‘नाई सर, हिचाबी टाइम कमी होऊन राह्यला.’ माझी बाजू घेत होती. मला तिथं त्या सरपेक्षा तिचा जास्त राग आला. दया करणाऱ्या माणसाचा मला आजही राग येतो.

त्याच दिवशी आम्ही जिनिंगमध्ये गेलो. तिनं बारदान अंथरलं. मी समोर उकिडवी बसले. तिनं शेपूट दाबलं, झटका दिला, फळी गोल फिरली, पुढचा पाय वर पडला, मागचा पाय बारदान्यात रुतला. अगदी स्पष्ट. मला तिची टाच दिसली, तिच्याखाली दबलेली सुतळी दिसली. ती वळून म्हणाली, ‘बसली का वं?’

मी म्हणाले, ‘बसली.’

दया म्हणून म्हणाले, तिला जरा हुरूप यावा म्हणून, असं मी पुढं बरीच वर्षं स्वतःला ऐकवलं. दया वगैरे काही नव्हती. ती मानते का ते मला बघायचं होतं. तिनं मानलं. आधी विश्वास बसला नाही, ‘खरंच? माह्यी शपथ?’ म्हणाली. मी तिची शपथ घेतली. मग तिनं मला उठवून मिठी मारली आणि बारदान्याची धूळ माझ्या नाकातोंडात गेली. किती सोपं होतं ते. आदल्या दिवसापर्यंत तिचा मागचा पाय हा तिचा प्रश्न होता. आता तो माझ्या हातात आला होता.

पुढच्या चार दिवसांत तिला पंधरा किकफ्लिप ‘बसल्या’. एकही बसली नव्हती. आणि गंमत बघा, मी ‘बसली’ म्हणत गेले तशी ती जास्त जोरात झटका द्यायला लागली, फळी जास्त सुंदर फिरायला लागली आणि मागचा पाय आणखीच निश्चिंत झाला. चुकीला शाबासकी दिली की ती किती झटपट अंगवळणी पडते, हे मी तिच्या टाचेकडे बघून शिकले. नाही म्हणायला एकदा मी ‘नाई’ही म्हणाले, म्हणजे बाकीच्यांवर तिचा भरवसा राहावा.

ग्राउंडला दहा दिवस राहिले तेव्हा तिनंच शहाणपणा केला. म्हणाली, ‘आता बस. ग्राउंड झाल्याशिवाय फळीले हात नाई लावत मी.’ झालं होतं. तिथं सगळं संपलं असतं, ती तिच्या वाटेनं गेली असती आणि मी माझ्या. मी म्हणाले, ‘बरं. शेवटचा गाढव खेळून घेऊ.’

ती खेळायला बसली ती माझ्यावरच्या प्रेमानं, दुसरं कारण नाही. मी शव-इट केली, तिची चुकली. गा. मी चालत्या फळीवर ऑली घेतली, तिची फळी पुढं पळाली. ढ. ती हसत होती. मग मी उतारावर गेले. वरून फळी सोडली, खाली आल्यावर वेग असतानाच किकफ्लिप घेतली आणि दोन्ही पाय ठेवून गेटपर्यंत गेले. माझी त्या दिवसाची सर्वांत चांगली. परत आले तेव्हा ती हसायची थांबली होती.

‘हे नाई करत मी,’ ती म्हणाली. ‘उतारावर मी कधी केली नाई.’

‘बारदान्यावर पंधरा बसल्या ना तुझ्या?’

‘ताई म्हने, त्याची गिनती नाई.’

‘ताईचं काय, तिला कोणाचं बरं झालेलं बघवत नाही. मी बघितलंय ना. दोन्ही पाय वर होते तुझे.’ आणि तरी ती थांबली तेव्हा मी म्हणाले, ‘राहू दे. पोलीस काय होणार तू, दुकानात गूळ तोल.’

हे वाक्य मी विचार करून काढलं होतं. कुठं लागेल ते मला ठाऊक होतं. तिनं फळी उचलली आणि उतारावर चढली. वरून एकदा माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. अजूनही कधीकधी मला वाटतं, तेव्हा तोंड उघडायला भरपूर वेळ होता. एक ‘थांब’ म्हणायला किती लागतो?

ती आली. झटका सुंदर दिला, फळी कधी नव्हे इतकी स्वच्छ फिरली. पुढचा पाय फळीवर पडला आणि फळी त्या पायाला घेऊन पुढं गेली. मागचा पाय जिथं टेकला तिथंच राहिला. सुकी काडी मोडावी तसा आवाज आला, आणि मग ती बसली होती, आणि तिचं पाऊल ज्या बाजूला असायला हवं होतं त्या बाजूला नव्हतं. ती ओरडली नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, ‘बसली होती का?’

मला बरं वाटलं. घाबरले, रडले, ते सगळं नंतर, आणि तेही खरंच होतं. पण सगळ्यात आधी, तिच्या प्रश्नाच्याही आधी, मला बरं वाटलं होतं.

मी तिला पाठीवर घेतलं आणि गेटकडे पळाले. ऊन चढलं होतं. ती माझ्या मानेत तोंड खुपसून कण्हत होती, आणि मधेच, दात आवळून, हसण्याचा प्रयत्न करत म्हणाली, ‘आज तू गाढव.’ चौकीदारानं ऑटो थांबवला. वर्ध्याच्या दवाखान्यापर्यंत तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. घरी काय सांगायचं तेही तिनंच ठरवलं: पळताना खड्ड्यात पाय गेला. म्हणजे तिचं खोटं मला वाचवायला आणि माझं खोटं तिला बुडवायला, अशी आमची वाटणी झाली. घोट्यात पट्टी आणि स्क्रू टाकले. डॉक्टर म्हणाले, चालेल, पण पळण्याचं विसरा. तिची आई भिंतीला टेकून खाली बसली. मग उठून माझ्याजवळ आली, माझे खांदे चाचपून म्हणाली, ‘माय वं, एवढी दूर उचलून आनलं तू लेकराले.’ आणि माझ्यासाठी चहा आणायला गेली.

ती पलंगावर पडलेली असताना मी तिला रोज भेटायला जायची. त्याच दिवसांत मला व्हेरियल बसली, आणि मी ते तिला सांगितलं. न सांगता राहवलं नसतं. तिनं उशीखालचा कंगवा काढून माझ्या हातात दिला, ‘दाखव.’ मी कंगव्याची फळी केली आणि दोन बोटांचे पाय, चादरीवर तिला व्हेरियल करून दाखवली. ती बारकाईनं बघत राहिली. मग म्हणाली, ‘म्हंजे शव-इट अन् किकफ्लिप. दोनी तर मले येतेच. प्लास्टर निंघालं का मीबी करीन.’ मी कंगवा तिच्या उशीशी ठेवला आणि म्हणाले, ‘का नाही करणार?’

ग्राउंडच्या आदल्या दिवशी तिनं तिचे पळायचे बूट मला दिले. ‘माह्ये घाल, तुह्ये गेले फाटून. हे लकी हाये.’ माझे फाटले होतेच, फळीवर चिकटवलेल्या खरखरीत कागदावर घासून. मी तिचे बूट घालून आठशे मीटर पळाले. ते मला चावले नाहीत, आणि माझी वेळ कधी नव्हे इतकी कमी आली. यादीत माझं नाव खालून तिसरं होतं. ती असती तर खालून दुसरं झालं असतं की यादीबाहेर गेलं असतं, ते मी पुष्कळदा मोजलं. मोजून निघाला तो आकडा दरवेळी तोच असतो: मी तिच्याशिवायही निघालेच असते. तिला उतारावर चढवायची काही गरज नव्हती. हे मला लेखी निकालात, सरकारी शिक्क्यासह कळलं.

ती उन्हाळा संपायच्या आत गिरडला गेली. लग्नात ती विहारात खुर्चीवर बसली होती, कारण तिला मांडी घालता येत नव्हती. मी ट्रेनिंगला होते, मला यायला उशीर झाला, तर तिनं फोटो थांबवून ठेवला होता.

मागच्या वर्षी गिरडला टेकडीवरच्या दर्ग्याच्या गर्दीसाठी माझा बंदोबस्त लागला. खाली रस्त्यावरच तिचं दुकान. मला बघताच ती काउंटरच्या बाहेर आली, जरा लंगडत, पण झपझप. नवऱ्याला म्हणाली, ‘अहो, हेच थे, म्या सांगतलं होतं न. हिनंच उचलून नेलं होतं मले.’ नवरा उठून उभा राहिला आणि मला खुर्ची दिली. भला माणूस. त्यानंच आत जाऊन चहा मांडला. तिच्या तीन वर्षांच्या मुलीला तिनं पुढं केलं, ‘मावशीले जय भीम कर.’ मुलीनं केला आणि माझ्या काठीला हात लावून बघितला. बायका नारळ मागत होत्या, ती देत होती आणि मध्ये मध्ये माझ्याशी बोलत होती. टेकडी वीस पावलांवर आहे, पण पायऱ्या चढवत नाहीत म्हणून लग्न झाल्यापासून ती वर गेलेली नाही, हे तिनं सहज सांगितलं.

मग गर्दी जरा ओसरली आणि ती माझ्यासमोर पोत्यावर टेकली. मुलीला नवऱ्याकडे पाठवलं. आवाज खाली आणून म्हणाली, ‘एक विचारू? हसजो नको.’

‘विचार.’

‘भाकरी करता करता माह्यं डोकं अजून थेच करते. शेपूट, झटका, गुडघे. सगळं बराबर करत होतो मी. बारदान्यावर पंधरा बसल्या, तूच पाह्यल्या. मंग त्या दिवशी काऊन नाई बसली? काय चुकलं माह्यं? तू समोर होती, तुले दिसलं असन.’

तिनं मला हे चार वर्षांत पहिल्यांदा विचारलं होतं. अंगणात मला विचारलं ते वेगळं, तेव्हा ती दुखण्यात होती. आता ती शांत होती आणि तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी वर्दीत होते. तिच्या घरचा चहा माझ्या हातात होता. माझ्याकडे उत्तर तयार होतं, तीन-चार शब्दांचं, आणि ते ऐकल्यावर तिचं निदान एवढं तरी झालं असतं की भाकरी थापताना डोकं थांबलं असतं.

‘तू घाई केली,’ मी म्हणाले. ‘उतारावर जरा थांबायला पाहिजे होतं तू.’

 तिनं मान हलवली, आणि तिचा चेहरा खरोखर मोकळा झाला.

‘मलेबी थेच वाटे,’ ती म्हणाली. ‘म्हंजे माह्याच चुकीनं झालं.’

‘हो,’ मी म्हणाले.